खिडकी बघा, मग कुंडी घ्या: कोकणातल्या फ्लॅटमधली झाडं

रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि त्यातला जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्येच. त्यामुळे इथे घरात झाड ठेवायचं म्हटलं की आधी हे चार महिने डोळ्यांसमोर आणायचे आणि मगच नर्सरीत जायचं. मे महिन्यात टवटवीत दिसणारं झाड ऑगस्टमध्ये मान टाकतं, आणि ते पाण्यावाचून नाही, पाण्यानेच मरतं.

पूर्वी पडवी होती, खळं होतं, न्हाणीच्या पाण्यावर अबोली आणि केळ वाढायची, कोणाला वेगळं काही करावं लागत नव्हतं. आता रत्नागिरी म्हणा, चिपळूण म्हणा, कुडाळ म्हणा, वन बीएचके घेतला की वाट्याला एक गॅलरी येते, तिच्यात वॉशिंग मशीन, कपड्यांच्या दोऱ्या, आणि पाऊस आत येतो म्हणून जूनमध्ये ताडपत्री बांधली की उरलासुरला उजेडही गेला. या घरांसाठी कोणी नीट सांगत नाही याचं खरंच वाईट वाटतं. मोबाईलवर टिपा मिळतात, पानांवर रोज फवारा मारा, आर्द्रता वाढवा. अहो, जुलैत आपल्याकडे पापड नरम पडतात, चपलांना बुरशी येते, आणखी आर्द्रता कशाला हवी! रात्रभर ओली राहिलेली पानं म्हणजे काळे डाग ठरलेलेच.

जास्त पाण्याने काय होतं ते या स्नेक प्लांटमध्ये बघा, उभ्या तलवारीसारख्या पानांचं हे झाड. वरून फक्त एक पान बुडाशी पिवळं आणि मऊ पडलंय. कुंडी उलटी केली, माती झाडली, आता हे मूळ चिमटीत धरून हलकेच ओढा. साल सुटून हातात आली, आत नुसता दोरा राहिला, आणि वासही कुबट. हे मूळ कुजलेलं. शेजारचं बघा, फिकट, टणक, ओढलं तरी साल निघत नाही, हे जिवंत. कुजलेलं सगळं कापून टाकायचं, एक-दोन दिवस सावलीत सुकवायचं आणि नव्या कोरड्या मातीत लावायचं, बहुतेक वेळा वाचतं.

स्नेक प्लांट आणि जाड चकचकीत पानांचा झेडझेड प्लांट, दोन्ही आफ्रिकेतले, कोरड्या दिवसांची सवय असलेले. झेडझेडच्या मातीखाली जाड कंद असतात, पाणी त्यांच्यातच साठलेलं असतं. अंधाऱ्या हॉलला हे दोघे उत्तम, पण पावसाळ्यात दोन-तीन आठवडे पाणी दिलं नाही तरी चालतं. बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घाला, ओल लागली तर तांब्या खाली ठेवा.

आपल्या हवेवर खूष असणारी झाडं म्हणजे सिंगोनियम, पीस लिली आणि फर्न. पाऊस लागला की जांभ्याच्या गडग्यावर नेचे आपसूक उगवतात ना, मग घरातल्या फर्नला आणखी काय हवं, फक्त एसीच्या झोतात ठेवू नका. सक्युलंट, म्हणजे जाड रसाळ पानांची झाडं, मात्र कितीही गोंडस दिसू दे, भरपूर उन्हाची खिडकी नसेल तर घेऊ नका असंच मी सांगेन.

माती हा सगळ्यात महत्त्वाचा भाग. नुसती तांबडी माती कुंडीत घट्ट बसते, नुसतं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) पाणी धरून ठेवतं, म्हणून तांबडी माती, गांडूळखत आणि काहीतरी भरड असं साधारण सारखं घ्यायचं. भरड म्हणजे विटेचे तुकडे, कोळसा, भाताचं तूस, नाहीतर नारळाच्या सोडणाचे तुकडे, सगळं इथेच मिळतं. सोडणात क्षार असतात, तेव्हा दोन-तीनदा भिजवून पाणी फेकून मगच वापरा.

समुद्राच्या अगदी तोंडावर घर असेल तर खाऱ्या वाऱ्याने पानांच्या कडा करपतात, त्या खिडकीतली पानं अधूनमधून गोड्या पाण्याने पुसून घ्या.

झाडं हवा शुद्ध करतात म्हणून पाच-सहा कुंड्या घेणारे खूप आहेत. त्यासाठी नासाच्या १९८९ च्या अभ्यासाचा दाखला देतात, पण तो छोट्या बंद चेंबरमध्ये झाला होता, आपल्या घरात खिडकी उघडली की झाडं शुद्ध करतील त्याहून जास्त हवा बदलते. झाड आवडतं म्हणून घ्या, तेवढं कारण पुरे आहे.

आणि बाटलीतला मनी प्लांट, कुंडीखालची ताटली, यांच्याकडे पावसात दुर्लक्ष करूच नका. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवा डास तयार होतो. दर आठवड्याला पाणी ओता आणि बाटली आतून घासा, कारण अंडी काठाला चिकटून राहतात. घरात मांजर किंवा रांगतं मूल असेल तर मनी प्लांट, पीस लिली, डिफेनबेकिया उंचावर टांगा, यांचं पान चावलं की तोंडाची आग होते.

कुंडी बदलणं, खत घालणं ही कामं भर पावसात काढू नका. गणपती जाऊ दे, ऊन पडायला लागू दे, झाडाला नवं पान फुटलेलं दिसलं की मग करा.