बॉबकॅटचा एक्सल बदलताय? आधी सीलजवळ बघा

नमस्कार मंडळी, मागे ग्राइंडर चालू आहे, तेवढं सांभाळून घ्या. आज स्किड स्टीअर आलीय कामाला, म्हणजे पुढे बकेट असलेला छोटा लोडर. कंपनी कुठलीही असो, आपल्याकडे सगळे बॉबकॅटच म्हणतात, मीपण तेच म्हणणार. मागचं डावं चाक डुलतंय, ऑपरेटर म्हणतो एक्सल गेला, बदलून टाका. बदलूच, पण कशाने गेला ते कळलं नाही तर दोन महिन्यांनी गाडी परत इथेच उभी.

ह्या गाडीची चाकं वळत नाहीत. एका बाजूची पुढे, दुसऱ्या बाजूची मागे, आणि गाडी जागच्या जागी घसटत फिरते. अमेरिकेत मिनेसोटात केलर बंधूंनी १९५७ ला पहिली बनवली ती टर्की पाळणाऱ्या एका शेतकऱ्याच्या गोठ्यातली घाण काढायला, तेव्हा तीनच चाकं होती, चार चाकांची एम-४०० आली १९६० ला. अडचणीच्या जागेत फिरायची सोय झाली खरी, पण प्रत्येक वळणाला टायर आडवा घासतो आणि तो सगळा आडवा मार एक्सलच्या बेरिंगवर येतो.

चाक काढलंय, कॅमेरा जवळ आण रे. हबच्या मागे बघा, धूळ तेलात कालवून काजळासारखी बसलीय. आता हे खरडतो... दिसली? बाइंडिंग वायर! साइटवर पडलेली वायर एक्सलला गुंडाळली, सीलची, म्हणजे तेल आत आणि धूळ बाहेर ठेवणाऱ्या रिंगची लिप (कड) कापली, तेल बाहेर आणि सिमेंटची धूळ आत, मग बेरिंग खराब, चाक डुलायला लागलं आणि शेवटी एक्सलवर बेरिंगची जागाच खाल्ली गेली. म्हणजे एक्सल बिचारा सगळ्यात शेवटी मेला.

आता काम. बकेट रिकामी, आर्म खाली, चावी माझ्या खिशात. जॅकवर उचलली तरी नुसत्या जॅकच्या भरवशावर हात घालायचा नाही, चेसिसखाली ठोकळे पाहिजेतच. ह्या मॉडेलला केबिन उचलावी लागते, तिचा लॉक बसलाय का ते डोळ्यांनी बघा. खाली चेनकेस, म्हणजे चाकं फिरवणाऱ्या चेनची तेलाची पेटी, त्याचं तेल काढा, आणि ते चाळणीतून ओता बरं का, लोखंडाचे तुकडे निघाले तर चेन आणि स्प्रॉकेटपण (चेनचं दात्यांचं चाक) तपासायला लागतील.

कव्हर उघडलं की एक्सलच्या आतल्या टोकाला मोठा बोल्ट आणि जाड वॉशर दिसतो. तो काढला की एक्सल बाहेरच्या बाजूला ओढायचा, स्प्रॉकेट चेनमध्येच लटकत राहतं, तारेने बांधून ठेवा नाहीतर खाली पडलं की शोधत बसा. एक्सल निघत नसेल तर स्लाइड हॅमर (सरकत्या वजनाच्या झटक्याने बाहेर ओढणारं हत्यार) लावा, आतून स्प्लाइनवर, म्हणजे एक्सलच्या टोकाच्या खाचांवर, घण घालू नका.

बेरिंगचा कप, म्हणजे बाहेरची रिंग, आत एक्सलच्या ट्यूबमध्येच राहतो, आणि आळस होतो तो इथेच, जुना कप बरा दिसतोय म्हणून ठेवून देतात. बोट फिरवा, खरखर लागतेय की नाही? कप आणि कोन (रोलरवाला आतला भाग) जोडीनेच बदलायचे.

नव्या एक्सलवर आधी सील, मग बेरिंग. हसू नका, मी एकदा बेरिंग प्रेसमध्ये घट्ट बसवलं, चहा प्यायलो आणि बघतो तर सील टेबलावर. बेरिंग परत काढताना वाट लागली त्याची, नवीन आणावं लागलं! गॅसच्या टॉर्चने बेरिंग तापवू नका, प्रेस नसेल तर लेथवाल्याकडे जा. एक्सल आत गेला की सील गोल फिरत फिरत थोडं थोडं ठोका, एका बाजूने ठोकलं तर तिरकं बसतं.

आतला बोल्ट किती आवळायचा ते त्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये बघूनच, कारण काही मशीनला बेरिंगवर थोडा दाब ठेवतात आणि काहींना थोडा प्ले (सैलपणा), अंदाजपंचे चालत नाही. चाक धरून वर-खाली हलवा, मग हाताने फिरवा. चेन सैल-घट्ट करायची सोय असेल तर तीपण आत्ताच बघून घ्या, मग कव्हर, मग तेल.

ठोकळ्यांवरच पाच मिनिटं चालवून सीलजवळ कोरडं फडकं फिरवलं, कोरडंच निघालं. चाकाचे नट काही तास काम झाल्यावर परत आवळायला बोलावलंय. आणि ही वायर मी फेकत नाहीये, ऑपरेटर आला की त्याच्याच हातात देणार.