म्हातारी कोणत्या भोपळ्यात बसली?

(प्राथमिक शिक्षकांपुढे केलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

शिक्षक मित्रमैत्रिणींनो,

‘चल रे भोपळ्या टुणुक टुणुक’ ही गोष्ट इथं बसलेल्या प्रत्येकाला पाठ आहे, त्यामुळे ती मी सांगत बसत नाही. मला बोलायचंय ते तिच्यातल्या एका प्रश्नाबद्दल. वर्गात ही गोष्ट सांगितली की कुणीतरी तो विचारतंच: म्हातारी भोपळ्यात मावली कशी? आपण बहुतेक वेळा ‘अरे, गोष्ट आहे ती’ असं म्हणून पुढं जातो. माझी विनंती आहे, पुढं जाऊ नका, तिथंच थांबा. भाषा, गणित, विज्ञान, परिसर अभ्यास, सगळे विषय त्या प्रश्नापाशी आपण होऊन येतात. ते ओढून आणावे लागत नाहीत.

पण त्याआधी एक पथ्य पाळायचं. पहिले दोन-तीन दिवस गोष्ट फक्त सांगायची. हातवारे करून, आवाज बदलून, मुलांनी ‘पुन्हा’ म्हटलं की पुन्हा. फळ्यावर काही लिहायचं नाही आणि ‘यातून काय बोध घ्याल?’ असं तर अजिबात विचारायचं नाही. हा बोध आपल्या शाळांतल्या गोष्टींचा गळा आवळतो, असं माझं स्पष्ट मत आहे. मुलांना ‘म्हातारी-बितारी मला नाही ठाऊक’ हे म्हणताना जो आनंद होतो, त्याच्यावर पुढचा सगळा अभ्यास उभा राहणार आहे. तो आधी पुरता होऊ द्या.

मग भोपळा आणायचा. पण कोणता? चित्रांच्या पुस्तकांत म्हातारी बहुधा लाल भोपळ्यात बसलेली असते. बाजारातून एक लाल भोपळा आणा आणि मुलांसमोर चिरा. आत गर, दोरे, बिया. बिया धुवून, वाळवून दहा-दहाचे गठ्ठे करायला पहिलीच्या वर्गाला एक आख्खा दिवस पुरतो. पण बसायला जागा कुठंय? गर कोरून काढला तरी ओल्या सालीचा भोपळा चार दिवसांत सडतो. शिवाय लाल भोपळा मूळचा अमेरिका खंडातला. १४९२ मध्ये कोलंबस तिकडे पोचला, त्यानंतर मिरची, बटाटा, टोमॅटो यांच्यासारखाच तोही समुद्र ओलांडून इकडे आला. पाचवीच्या मुलांपुढे हे ठेवा आणि विचारा, त्याआधी कुणी ही गोष्ट सांगत असेल, तर तिच्यात कोणता भोपळा असेल?

आता दुसरा भोपळा आणा, वाळलेला. दुध्याच्या जातीतला हा कडू भोपळा वेलावरच पूर्ण पिकू दिला की त्याचं कवच लाकडासारखं टणक होतं, आतला गर सुकतो आणि हलवला की बिया खुळखुळतात. हा आपल्याकडे हजारो वर्षं आहे. गावाकडं पोहायला शिकणाऱ्या पोरांच्या पाठीला असाच भोपळा बांधायचे, आणि असे भोपळे एकत्र बांधून केलेल्या सांगडीवरून माणसं नदी ओलांडायची. वर्गातल्या एखाद्या मुलाच्या आजोबांना हे नक्की आठवत असेल. त्यांना शाळेत बोलवा. मिरजेचे कारागीर तंबोरे आणि सतारी करतात ते याच भोपळ्याचे, आणि त्यातले पुष्कळसे भोपळे येतात सोलापूर जिल्ह्यातून, पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूनं. म्हणजे भोपळ्याचा माग काढत गेलात तर भीमेचा काठही आला आणि संगीतही आलं.

एक प्रयोग मात्र प्रत्येक वर्गानं करावा. पाण्यानं भरलेलं खोल घमेलं किंवा टीप, म्हणजे पिंप, घ्या. वाळका भोपळा त्यात सोडा, तो वर तरंगेल. आता पिशवीत दगड घालून ती पिशवी भोपळ्याला बांधत जायची, एकेक दगड वाढवत. किती दगडांना बुडेल, हे प्रत्येकानं आधी वहीत लिहायचं. अंदाज बहुतेकांचा कमीच निघतो, आणि शेवटच्या दोन-तीन दगडांना सगळा वर्ग टिपेवर वाकलेला असतो. भोपळा बुडाला की पिशवी वाण्याच्या काट्यावर तोलून आणायची. इथं आर्किमिडीजचं नाव घ्यायची घाई करू नका. ते नाव वरच्या वर्गात येईल, तेव्हा या मुलांना हे घमेलं आठवेल.

तंबोऱ्याच्या मोठ्या भोपळ्याचा घेर मीटरभराच्याही वर जातो. घेर सव्वा मीटर धरला तर व्यास निघतो साधारण चाळीस सेंटिमीटर. वर्गातल्या एका मुलीला गुडघे पोटाशी घेऊन बसवा, खडूनं तिच्याभोवती वर्तुळ काढा आणि मोजा. चाळीसात ती मावत नाही, सत्तर तरी लागतातच. म्हणजे गोष्ट कुठपर्यंत आपल्या परसातली आहे आणि कुठून पुढं कुणा आजीच्या कल्पनेनं उडी घेतली, हे मुलं पट्टीनं मोजून सांगू शकतात. मला या गोष्टीतलं सगळ्यात सुंदर काय वाटत असेल तर ते हे.

व्यास सत्तर असेल तर घेर दोनशे वीस सेंटिमीटर, आणि एका किलोमीटरला सुमारे साडेचारशे गिरक्या. लहान वर्गासाठी फुटबॉल घ्या, त्यावर खडूची खूण करा, व्हरांड्यात लोळवा आणि एका गिरकीत किती पुढं जातो ते सुतळीनं मोजा.

भोपळा आपणहून गडगडत आला, म्हणजे वाट उताराची होती. मग लेकीचं गाव वर, म्हातारीचं खाली. कोकणातल्या शाळेनं लेक घाटमाथ्यावर दिली असं धरावं आणि नकाशा काढावा: चढणीची पायवाट, ओढे, रान. विदर्भातली मुलं दुसरं काही काढतील, काढू द्या.

वाटेतली जनावरंही तपासायची. सिंह आपल्या देशात रानात फक्त गुजरातच्या गीर भागात आहे, तेव्हा आपल्या म्हातारीला तो भेटणं अवघड. वाघ भेटेल, ताडोब्याकडं तर नक्कीच. लांडगा दाट जंगलापेक्षा माळरानावर जास्त. आणि अस्वल? त्याचं पोट भरतं वाळवी, मध, मोहाची फुलं, बोरं यांवर. म्हातारी खाण्यात त्याला काय रस! एका शाळेतल्या मुलांनी अस्वलाचा संवादच बदलला: ‘आजी, जाताना मोहाचं झाड कुठं दिसलं का?’ भाषेचा तास याहून वेगळा काय असतो?

कुणी विचारेल, साहित्य कुठून आणायचं? ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला आणि नंतर कोसबाडला आदिवासी मुलांची शाळा चालवली ती बिया, शिंपले, पानं, खडे यांवर. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणात नेली. आपल्याला तर एक भोपळा, एक टीप आणि सुतळी एवढंच लागतंय.

शेवटी घरचा अभ्यास, आणि तो मुलांपेक्षा मोठ्यांचा जास्त. प्रत्येकानं आजी, आई, शेजारीण यांच्याकडून ही गोष्ट त्यांच्या शब्दांत ऐकून यायची आणि फरक लिहायचा. कुणाची म्हातारी वाघाला फसवते, कुणाची कोल्ह्याला. ही म्हातारी एकट्या महाराष्ट्राची नाहीच. बंगालात ती कुबडी आहे, नातीकडे जाते आणि परतताना भोपळ्यात तिच्यासोबत पोहे आणि चिंच असते. तिथं तिला सोडवायला तिचे कुत्रे धावून येतात. इराणमध्येही अशीच एक म्हातारी लेकीकडे जाते आणि भोपळ्यातून लोळत परत येते. जगाचा नकाशा भिंतीवर लावा, तिन्ही ठिकाणी टाचण्या टोचा आणि मधे दोरा बांधा. ही गोष्ट कोणत्या वाटेनं फिरली असेल, व्यापाऱ्यांबरोबर की सासरी गेलेल्या मुलींबरोबर, यावर सहावी-सातवीची मुलं तासभर भांडू शकतात. आमच्याकडं तर काहीजण तास संपल्यावरही भांडत होते, आणि त्यातल्या दोघींनी दुसऱ्या दिवशी येताना शेजारच्या बंगाली काकूंकडून त्यांची गोष्ट लिहून आणली होती.