शिट्टी आली की श्वास रोखायचा

नमस्कार श्रोतेहो. कॉम्प्युटर ऐकायचा असतो, असं आज कुणाला सांगितलं तर तो हसेल. आम्ही मात्र ऐकत होतो.

आमच्या घरी स्पेक्ट्रम प्लस नावाचा घरगुती कॉम्प्युटर होता. मूळचा सिंक्लेअर कंपनीचा स्पेक्ट्रम ब्रिटनमध्ये १९८२ साली आला आणि १९८६ पासून डेसिबेल्स कंपनीने प्लस भारतात विकायला घेतला. मेमरी ४८ के, म्हणजे ४८ किलोबाइट. आज फोनवर काढलेल्या तीन एमबीच्या एका फोटोला तसली ६४ यंत्रं लागतील. त्या ४८ केमधलेही जवळजवळ सात के एकटा पडदाच खायचा. शिवाय आठ बाय आठ ठिपक्यांच्या प्रत्येक चौकोनात रंग दोनच. हिरव्या झाडाजवळून लाल माणूस गेला की झाडही लाल व्हायचं! आमचा टीव्ही कृष्णधवल, त्यामुळे हा घोळ आम्हाला नुसता करडा दिसायचा.

खरी गंमत कॅसेटची. गेम साध्या कॅसेटवर आवाजाच्या रूपात असायचा आणि टेपरेकॉर्डरवरून कॉम्प्युटरमध्ये चढवायचा. जे कळ दाबली की पडद्यावर अख्खा 'लोड' शब्द उमटायचा, कारण एकेका कळीवर बेसिक या प्रोग्रामिंगच्या भाषेचे पूर्ण शब्द बसवलेले. मग टेपरेकॉर्डर सुरू. आधी एकसुरी शिट्टी, मागोमाग कर्कश घरघर, पडद्याच्या कडेला थरथरणारे पट्टे. मोठा गेम चढायला चार-पाच मिनिटं. कुणी पंखा लावला तरी आम्ही ओरडायचो. पंख्याचा काही संबंध नव्हता म्हणा. शेवटच्या अर्ध्या मिनिटात 'टेप लोडिंग एरर' आलं की दादा घड्याळजीचा बारीक पेचकस घेऊन टेपच्या हेडशेजारचा स्क्रू केसभर फिरवायचा आणि कान लावून बसायचा. आवाज खणखणीत झाला की म्हणायचा, "हं, आता लाव."

मर्यादेमुळे प्रतिभा फुलते, असं या यंत्रांबद्दल फार बोललं जातं. मला ते पटत नाही. ४८ के कमी आहेत हे आम्हाला ठाऊकच नव्हतं.

प्रोग्राम म्हणजे शेवटी आवाजच, तेव्हा तो रेडिओवरूनही पाठवता यायचा. नेदरलँड्समध्ये 'हॉबीस्कूप' या रेडिओ कार्यक्रमातून तसे प्रोग्राम खरंच प्रसारित व्हायचे. श्रोते ते कॅसेटवर टेप करून घ्यायचे आणि आपल्या कॉम्प्युटरवर चढवायचे. म्हणून मी आज आमच्या निर्मातीणबाईंना म्हटलं, जुनी कॅसेट आणलीय, अर्धा मिनिट वाजवू या. त्या म्हणाल्या, "नको हो, लोक समजतील केंद्रच बंद पडलं."