94 व्या वर्षी सिनेटला उभी राहिलेली आजी

हा रस्ता बघा. कॅलिफोर्नियातून ॲरिझोनाकडे जाणारा, दोन्ही बाजूला वाळवंट, सावलीला झाड नाही. 1999 साल आहे. ट्रक जातायत जोरात आणि रस्त्याच्या कडेनं एक म्हातारी बाई एकटी चाललीये. डोक्यावर गवती हॅट, हॅटमध्ये एक पीस खोचलेलं. पाठ संधिवातानं इतकी दुखायची की आत स्टीलचा कंबरपट्टा बांधावा लागायचा, त्यात फुफ्फुसांचा आजार. वय 89. जायचंय वॉशिंग्टनला, 3,200 मैल, म्हणजे 5,000 किलोमीटरच्या वर. पायी.

यांचं नाव डॉरिस हॅडॉक. पण अमेरिकेत ज्यांना त्या माहितीयत ते त्यांना ग्रॅनी डी म्हणतात, आपण आजीच म्हणू.

आजींचा जन्म 24 जानेवारी 1910 चा, न्यू हॅम्पशायर राज्यातल्या लकोनिया गावचा. शिकायला बोस्टनच्या इमर्सन कॉलेजात गेल्या, तीन वर्षं झाली आणि त्यांनी जेम्स हॅडॉकशी लग्न केलं, तर कॉलेजनं काढूनच टाकलं, कारण तेव्हा तिथे लग्न झालेल्या मुलींना शिकू देत नसत. (त्याच कॉलेजनं 2000 साली बोलावून मानद पदवी दिली, मधे जवळजवळ 70 वर्षं गेली.) पुढे संसार, मुलं, बुटांच्या कंपनीत बरीच वर्षं नोकरी. चारचौघींसारखं आयुष्य, पण अन्याय दिसला की गप्प बसायचं नाही हा स्वभाव आधीपासूनचाच. 1960 मध्ये नवराबायको अलास्कापर्यंत गेले, कारण सरकारचा प्लॅन होता की पॉइंट होप गावाजवळ हायड्रोजन बॉम्ब फोडून समुद्रात बंदर खणायचं. तिथे पिढ्यानपिढ्या राहणाऱ्या मूळ रहिवाशांचं काय होईल याचा विचार कोणी केला नव्हता. बऱ्याच लोकांनी विरोध केला, त्यात हे दोघंही होते, आणि तो प्लॅन शेवटी बारगळला.

1993 ला नवरा गेला. मग जवळची मैत्रीणही गेली. आजी ऐंशी पार केलेल्या, आणि आता जगायचं कशासाठी हा प्रश्न अशा वेळी पडतोच माणसाला. त्यांना उत्तर सापडलं ते एका भलत्याच रुक्ष विषयात, निवडणुकीच्या पैशात.

हे जरा समजून घ्या, पुढचं सगळं यावरच आहे. सिनेट म्हणजे तिकडच्या संसदेचं वरचं सभागृह. उमेदवाराला थेट किती देणगी द्यायची याला मर्यादा होती, एका माणसानं एका निवडणुकीत 1,000 डॉलर. कंपन्यांना तर उमेदवाराला थेट पैसा द्यायला बंदीच. पण पक्षाच्या एका वेगळ्या खात्यात टाकायचे असतील तर कंपनी असो, युनियन असो की कोणी गडगंज श्रीमंत, कितीही टाका, लिमिटच नाही! याला म्हणायचे सॉफ्ट मनी. पुढचं दार बंद आणि मागचं सताड उघडं. हे बंद करायला मॅक्केन आणि फाइनगोल्ड या दोन सिनेटर्सनी, एक रिपब्लिकन एक डेमोक्रॅट, 1995 मध्ये विधेयक आणलं आणि ते अडकलं. आजींनी मैत्रिणींना घेऊन सह्या गोळा केल्या, सिनेटर्सना पत्रं लिहिली, उत्तर काय आलं तर पैसा खर्च करणं हे भाषणस्वातंत्र्यच आहे. मला वाटतं आजी तिथेच पेटल्या. कारण मग ज्याच्याकडे पैसा नाही त्याला आवाजच नाही, असाच अर्थ होतो ना?

मग त्यांनी ठरवलं, चालायचं. आधी घराजवळच पाठीवर ओझं घेऊन रोजची प्रॅक्टिस केली. 1 जानेवारी 1999 ला कॅलिफोर्नियातल्या पॅसाडीनाहून निघाल्या. रोज साधारण 10 मैल. नियम असा की कोणी आसरा देईपर्यंत चालायचं, कोणी जेवायला देईपर्यंत उपाशी राहायचं, आणि लोकांनी द्यायचं कधी कमी केलं नाही. ॲरिझोनात शरीरातलं पाणी कमी होऊन दवाखान्यात पडल्या, न्यूमोनिया झाला, बऱ्या झाल्या आणि परत रस्त्यावर. गावागावात थांबून तेच बोलायचं, की तुमचं सरकार तुमच्या डोळ्यांदेखत विकलं जातंय.

शेवटच्या टप्प्यात मेरीलँडमध्ये एवढा बर्फ पडला की रस्त्याच्या कडेनं चालायला जागाच उरली नाही. आता 90 पूर्ण झालेल्या या बाईनं काय करावं? पायाला स्की बांधल्या आणि जुन्या कालव्याच्या काठानं बर्फावरून सुमारे 100 मैल गेल्या. मी हा प्रसंग पहिल्यांदा वाचला तेव्हा पुन्हा वर जाऊन वय वाचलं होतं.

29 फेब्रुवारी 2000. चौदा महिने, बारा राज्यं. वॉशिंग्टनमध्ये शिरताना बरोबर दोन हजारांच्या वर माणसं होती, कित्येक खासदारही चालत होते, आणि वाट मुद्दाम के स्ट्रीटवरून, जिथे लॉबिंग करणाऱ्यांची, म्हणजे कंपन्यांसाठी खासदारांकडे वजन वापरणाऱ्यांची, ऑफिसं आहेत. दोनच महिन्यांत आजींना कॅपिटलमध्ये, म्हणजे संसदेच्या इमारतीत, अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा मोठ्यानं वाचला म्हणून अटकही झाली. आणि 2002 मध्ये मॅक्केन-फाइनगोल्ड यांचा तो कायदा झाला, सॉफ्ट मनीवर बंदी आली. एकट्या आजींमुळे झाला असं म्हणणं चूक ठरेल, पण लोकांच्या घरापर्यंत हा विषय पायी नेणाऱ्या त्याच होत्या.

आता निवडणूक. 2004, न्यू हॅम्पशायरची सिनेटची जागा. समोर जड ग्रेग, रिपब्लिकन, आधी राज्याचे गव्हर्नर, वडीलही गव्हर्नर, 1993 पासून सिनेटर. डेमोक्रॅट्सच्या उमेदवारानं प्रचाराच्या पैशात गडबड निघाल्यावर जूनमध्ये अचानक माघार घेतली, अर्ज भरायची मुदत संपत आलेली, बलाढ्य माणसापुढे हरायला कोण उभं राहणार? आजी राहिल्या. वय 94.

त्यांनी अट घातली की कंपन्यांचा किंवा हितसंबंधी गटांचा एक डॉलर घ्यायचा नाही, फक्त साध्या माणसांच्या छोट्या देणग्या. परत चालणं सुरू, यावेळी आपल्याच राज्यात. मतपत्रिकेवर लोकांनी ओळखावं म्हणून नावात कायदेशीररीत्या ग्रॅनी डी घालून घेतलं. कानाला कमी ऐकू येत असताना ग्रेग यांच्यासमोर वादविवादाला बसल्या. निकाल लागला, ग्रेग यांना 66 टक्के, आजींना 34 टक्क्यांच्या जवळ, सुमारे 2 लाख 21 हजार मतं. हरल्या, मोठ्या फरकानं हरल्या. पण चार-पाच महिन्यांची तयारी, मोठा पैसा नाही, वय 94, आणि दर तीन मतदारांतला एक त्यांच्या नावावर खूण करून आला, हे मला कितीतरी जिंकलेल्या उमेदवारांपेक्षा मोठं वाटतं.

पुढे 2010. 21 जानेवारीला सुप्रीम कोर्टानं निकाल दिला की कंपन्या आणि युनियन निवडणुकीत स्वतंत्रपणे हवा तेवढा पैसा खर्च करू शकतात. 2002 च्या त्या कायद्याचा एक मोठा तुकडाच गळून पडला, पक्षांना थेट सॉफ्ट मनी द्यायची बंदी तेवढी राहिली. बरोबर तीन दिवसांनी, 24 तारखेला, आजींना 100 वर्षं पूर्ण झाली. लोक वाढदिवसाला आले आणि आजी त्यांच्याशी पुढे काय करायचं ते बोलत होत्या.

9 मार्च 2010 ला डब्लिनमधल्या घरी त्या गेल्या. हे डब्लिन आयर्लंडचं नाही, न्यू हॅम्पशायरमधलं छोटंसं गाव आहे, तिथल्याच रस्त्यांवर त्यांनी कधीतरी पाठीवर ओझं घेऊन रोज 10 मैलांची सवय केली होती.