खतखत्यातली हळदीची पानं

श्रोतेहो, नमस्कार.

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या आमच्या घरामागच्या फणसावर डेंड्रोबियमची दोन ऑर्किडं चिकटून आहेत. पानं गळाली की उरतात बोटाएवढ्या कांड्या, आणि मग कोणती कुठली हे मलाही ओळखता येत नाही. एक दिवाळीनंतर पिवळट फुलते, दुसरी शिगम्याच्या सुमारास पांढरीशुभ्र. बहिणी-बहिणीच म्हणा. अशा बहिणींच्या आत काय चालतं, त्यावर आज बोलायचंय. पण आधी खतखतं, म्हणजे आमची तिरफळं घातलेली मिसळभाजी.

माझ्या आजीची पाककृतींची वही होती. तिच्या दोन्ही मुलींनी, म्हणजे आईनं आणि धाकट्या मावशीनं, लग्नाआधी ती अक्षर न् अक्षर उतरवून घेतली. गेल्या वर्षी दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या, तर शब्दांत फरक जवळपास नाहीच. 'तिरफळं' तेवढी एका ठिकाणी 'तिफळं' झालेली. पण शिलाई कधीच उसवली होती, आणि जिनं तिनं आपापल्या परीनं टाके घातले होते. आईच्या वहीत खतखत्यानंतर मुगागाठी, मावशीच्या वहीत खतखत्यानंतर हळदीच्या पानातल्या गोड पातोळ्या. शिवाय मावशीकडे मधेच विजेचं बिल आणि शेजारणीच्या अक्षरातलं एक भजन, तेही वहीबरोबर शिवलेलं.

एका चवथीची गोष्ट, मी दहा वर्षांचा होतो. मावशीचे हात भाजीत, म्हणून वाचायचं काम माझ्याकडे. "वाच रे बाबू!" मी वाचत सुटलो. तूरडाळ शिजवून घ्यावी, सुरण, नीरफणस, मक्याची कणसं घालावीत, मग अंबाडे, मग ठेचलेली तिरफळं. इथं एक सांगून टाकतो, तिरफळं ठेचायचीच, वाटायची नाहीत. मिक्सरमधून काढलेल्या तिरफळांचं खतखतं मी जेवत नाही, यजमानांना राग आला तरी. तर पान संपलं, मी उलटलं आणि त्याच सुरात पुढे वाचलं, "गूळ-खोबरं घालावं, हळदीच्या पानात दुमडून वाफवावं." मावशीचं लक्ष दारातल्या पाहुण्यांकडे. तिनं ताटभर गूळ-खोबरं पातेल्यात ओतलं आणि वर हळदीची पानं अंथरून झाकण ठेवलं. ना खतखतं, ना पातोळी. पंगतीत कुणी दुसऱ्यांदा मागितलं नाही.

आता ऑर्किड. पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या मायटोकॉन्ड्रियाची स्वतःची वेगळी वही, म्हणजे डीएनए, असते आणि बहुतेक वनस्पतींत ती आईकडूनच येते. माणसाची वही 16,569 अक्षरांची. गॅस्ट्रोडिया नावाच्या, हिरवी पानंच नसलेल्या ऑर्किडची सुमारे 13 लाखांची! 1980च्या दशकात जेफ्री पामर या संशोधकानं कोबी आणि सलगम यांच्या अशा वह्या ताडून पाहिल्या. जनुकांची अक्षरं जवळपास तीच, क्रम मात्र उलटापालटा. पुन्हा सांगतो, अक्षरं तीच, पानं विस्कटलेली. ऑर्किडांचंही तेच. डेंड्रोबियमची वही तर वीसेक सुट्या चोपड्यांत असते, आणि जवळच्या जातींतही चोपड्यांची संख्या वेगळी. एकसारखा मजकूर दोन जागी आला की तिथंच धागा तुटतो आणि भलत्या पानाला जोडला जातो.

शेजारणीचं भजनही आहे बरं का. ऑर्किडांच्या या वहीत बुरशीचा डीएनए शिरलेला आहे, फार जुन्या काळी आलेला. 2020 साली हे प्रसिद्ध झालं. मला नवल वाटलं नाही. ऑर्किडचं बी धुळीसारखं, त्यात शिदोरी नाही. रानात बुरशीनं भरवल्याशिवाय ते रुजतच नाही. इतका घरोबा असल्यावर एखादा कागद इकडचा तिकडे होणारच.

आणि भलती पानं जोडली गेली की कधी कधी अर्धं याचं अर्धं त्याचं असं नवंच जनुक तयार होतं. कांद्याच्या, सूर्यफुलाच्या काही झाडांत अशा जोडाजोडीमुळे कामाचे परागच तयार होत नाहीत. संकरित बियाणं करणाऱ्यांना नेमकं तेच हवं असतं, म्हणजे झाड स्वतःच्याच परागानं फळत नाही. सगळं बिघडलेलं फुकट जात नाही.

हे सगळं मी परवा मावशीला समजावून सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे वहीत चूक नव्हतीच. वाचणारा पान उलटताना थांबला नाही, एवढंच ना रे बाबू?"