सुईआधीची रेघ

(लातूर येथे महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसमोर एका त्वचारोगतज्ज्ञ डॉक्टरांनी दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

टॅटूची सुई लागण्याआधी चित्र अंगावर काढून कसं बघायचं, ते आज बोलू. पुढच्या रांगेतल्या दहा जणांना मी एकेक नवी काजळपेन्सिल दिली आहे. डावा तळहात वर करा आणि मनगटापासून कोपरापर्यंत सरळ रेघ ओढा. झाली? आता तळहात खाली वळवा. रेघ कशी पिळली बघा. टेबलावर हात पसरून काढलेलं चित्र उभं राहिल्यावर वाकडं का दिसतं, ते तुमच्याच हातानं सांगितलं. म्हणून चित्राची जागा ठरवायची ती उभं राहून, हात सैल सोडून, आरशासमोर.

माझ्या आजीच्या कपाळावर गोंदण होतं. गोंदणारीण आधी काजळात बुडवलेल्या काडीनं ठिपके द्यायची, आजी थाळीतल्या पाण्यात बघून मान हलवायची, मगच सुई. सुई सगळ्या आळीला एकच असायची, ते फार वाईट होतं. काविळीचे बी आणि सी हे विषाणू आणि एचआयव्ही अशाच सुईतून पसरू शकतात. पण आधी काढून बघायची तिची रीत मला अजूनही शहाणपणाची वाटते. वरची कातडी साधारण महिन्याभरात नवी होते, म्हणून काजळ जातं. टॅटूची शाई दीड-दोन मिलिमीटर खाली, आतल्या थरात बसते आणि तिथेच राहते.

आता हे आधीचं चित्र अंगावर काढायचं कशानं? माझ्याकडे येणारी बहुतेक दुखणी इथूनच सुरू होतात. पक्क्या शाईचे मार्कर पुठ्ठ्यासाठी, प्लास्टिकसाठी बनवलेले असतात. बॉलपेनची शाईही कातडीसाठी नसते, आणि तिच्यावरूनच सुई चालली तर ती शाई आत जाऊ शकते. घरी बघायला स्वतःची काजळपेन्सिल पुरे. ती मैत्रिणीला द्यायची नाही. ताज्या दाढी केलेल्या किंवा खरचटलेल्या जागेवर घरी काहीच काढायचं नाही. सुईआधीच्या खऱ्या रेखाटनासाठी सर्जिकलच्या दुकानात निर्जंतुक मार्कर मिळतो. त्यात जेन्शियन व्हायोलेट नावाचा जांभळा रंग असतो. एक मार्कर, एक माणूस, मग कचऱ्यात.

काळ्या मेंदीबद्दल मला जरा थांबून बोलायचंय. खरी मेंदी आधी केशरी दिसते आणि दिवस-दोन दिवसांत गडद तपकिरी होते. अर्ध्या तासात काळीकुट्ट होणाऱ्या मेंदीत बहुधा केस रंगवायची पावडर मिसळलेली असते. तिच्यातलं पीपीडी नावाचं रसायन कातडीवर फोड आणतं. एका लग्नसराईत एक मुलगी आली होती, मनगटावर नक्षीच्याच आकारात पाणी भरलेले फोड. फोड बरे झाले, पण ॲलर्जी बहुधा जन्मभर राहते. उद्या केस पिकल्यावर तिनं डाय लावला तर डोळे सुजून मिटू शकतात. मला त्या मुलीपेक्षा मेंदी देणाऱ्याचा राग आला. वीस वर्षांच्या मुलीला हे कुणी सांगितलेलंच नव्हतं.

आणि बिब्बा. आपल्याकडे प्रत्येक घरात बिब्ब्याचा कुणीतरी जाणकार असतो. धोबी बिब्ब्याच्या रसानं कपड्यावर खूण करतो ती जात नाही, म्हणून एका मुलानं बिब्ब्यानं दंडावर त्रिशूळ काढून पाहिला. चटका बसल्यासारखा दंड भाजला होता. कृपा करून असं करू नका.

अक्षरांचं वेगळं सांगते. वर्षानुवर्षं शाई किंचित पसरते. आपल्या लिपीत ‘ध’ आणि ‘घ’, ‘भ’ आणि ‘म’ यांच्यात फरक काय, तर शिरोरेषेतली बारीक फट. ती भरली की धोंडाबाईची घोंडाबाई होते. “मॅडम, आजीचं नाव काढायलोय,” म्हणणाऱ्या मुलाला मी नाव कागदावर मोठं लिहायला लावते आणि घरच्या दोघांकडून ऱ्हस्व-दीर्घ तपासून घ्यायला सांगते. तीळ आला तर चित्र बाजूला सरकवायचं. तीळ शाईखाली झाकला गेला की त्यातला बदल दिसत नाही.

भरतीची तयारी करणाऱ्यांनो, केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांच्या वैद्यकीय नियमांत हातावरचा टॅटू चालतो तो डाव्या हाताच्या कोपराखालच्या आतल्या भागावर किंवा पंजाच्या मागच्या बाजूला, आणि तोही त्या भागाच्या पाव हिश्शाहून लहान. तुमच्या भरतीचे नियम आधी वाचा, मग काजळानं काढून मोजा.

स्टुडिओत जागा नव्या ब्लेडनं साफ करतात, पुसतात आणि स्टेन्सिलच्या कागदावरून चित्राचा जांभळा छाप उठवतात. छाप उठावा म्हणून कुणी डिओची कांडी थेट अंगावर फिरवत असेल तर हात धरा. ती आधीच्या गिऱ्हाइकाच्या अंगावरून आलेली असते. छाप दहा-पंधरा मिनिटं वाळू द्या, उठून आरशात बघा. आरशात अक्षरं उलटी दिसतात, म्हणून नाव असेल तर फोटो काढून वाचा. तिरकं वाटलं तर पुसून पुन्हा लावायला सांगा, तिसऱ्यांदाही सांगा, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

ज्यांच्या हातावर रेघ आहे त्यांनी जाताना इकडून जा. खोबरेल आणि कापूस ठेवलाय, नंतर साबणानं धुवा.