तांब्यातलं तांबं

मित्रहो, टेबलावरचा हा तांब्या माझ्या आजीचा. इथल्याच, नाशकातल्या भांडी बाजारातून घेतलेला. पुढच्या रांगेतल्यांना त्याच्या पोटावरचे ठोके दिसत असतील. एकाला एक लागून मारलेले, आणि गळ्यापाशी येताना बारीक होत गेलेले. तांब्याचं वय असेल ऐंशीच्या घरात. पण ज्या तांब्याच्या पत्र्यातून तो घडवला, ते तांबं पृथ्वीहूनही जुनं. पृथ्वी साडेचार अब्ज वर्षांची, आणि त्याच्या आधीच हे तांबं थोरल्या ताऱ्यांच्या पोटात शिजून तयार होतं.

शिजून, असं मी मुद्दाम म्हणतो. सगळी जड मूलद्रव्यं सुपरनोव्हाच्या, म्हणजे तारा मरतानाच्या, स्फोटात एका क्षणात तयार झाली, असं पुष्कळदा सांगितलं जातं. ते अर्धंच खरं आहे. बराचसा स्वयंपाक तारा जिवंत असतानाच होतो. स्फोटात त्यात थोडी भर पडते, आणि मुख्य म्हणजे झाकण उडून ते अन्न चहूकडे वाटलं जातं. ताऱ्यांच्या भट्टीत मूलद्रव्यं कशी घडतात, याची सविस्तर मांडणी 1957 साली मार्गारेट आणि जेफ्री बर्बिज, विल्यम फाउलर आणि फ्रेड हॉयल यांनी केली. हॉयल म्हणजे आपल्या जयंत नारळीकरांचे केंब्रिजमधले गुरू.

सूर्याच्या 25 पट वस्तुमानाचा तारा घेऊ. गाभ्यातला हायड्रोजन त्याला सुमारे 70 लाख वर्षं पुरतो. हेलियम काही लाख वर्षं, कार्बन काहीशे वर्षं, ऑक्सिजन काही महिने. आणि सिलिकॉन साधारण एक दिवस! शेवटी आत लोखंड आणि वर एकावर एक थर. लासलगाव ज्या जिल्ह्यात आहे तिथे कांदा कापून दाखवायला नको. यात तांबं कुठे आलं? हेलियम जळताना मोकळे न्यूट्रॉन सुटतात. ताऱ्यात जन्मापासून थोडं लोखंड असतं. त्याची अणुकेंद्रं एकेक न्यूट्रॉन गिळत हळूहळू तांब्यापर्यंत पोचतात. आता हे जन्मापासूनचं लोखंड कुणाचं? आधी मेलेल्या ताऱ्यांचं. या तांब्यात अशा कितीतरी पिढ्या आहेत.

लोखंडापाशी मात्र कमाई थांबते. तोवर प्रत्येक जळणातून ऊर्जा मिळत होती. लोखंडाची अणुकेंद्रं एकत्र आणायची तर उलट पदरची घालावी लागते. स्वतःचं वजन पेलणारा आधार गेला की पृथ्वीएवढा गाभा सेकंदाच्या आत कोसळतो आणि वीसेक किलोमीटर व्यासाचा होतो. म्हणजे इथून अंजनेरी. सूर्यापेक्षा जास्त वस्तुमान तेवढ्यात मावतं.

हे आत घडतं ते आपल्याला कळलं कसं? 23 फेब्रुवारी 1987, सोमवार. आपल्या घड्याळात दुपारचे एक वाजून पाच मिनिटं. मी तेव्हा नाशकात अकरावीत होतो, बहुधा डबा खात असेन. त्या क्षणी माझ्या अंगातून, आणि तेव्हा हयात असलेल्या तुमच्यापैकी प्रत्येकाच्या अंगातून, अब्जावधी न्यूट्रिनो, म्हणजे कशालाही जवळपास न अडणारे सूक्ष्म कण, आरपार गेले. तेही वरून नाही, पायाखालून, पृथ्वीच्या पोटातून आले, कारण मोठा मॅगेलन मेघ, म्हणजे आपल्या आकाशगंगेची एक छोटी शेजारीण, तेव्हा आपल्या क्षितिजाखाली होता. तिथे सुमारे 1,68,000 वर्षांपूर्वी एक तारा कोसळला होता. जपान, अमेरिका आणि रशियातल्या तीन यंत्रांनी मिळून त्यातले जेमतेम पंचवीस पकडले. हा आकडा उच्चारताना आजही माझ्या अंगावर काटा येतो. प्रकाश दिसायच्या दोन-तीन तास आधी ते पोचले, कारण ते थेट गाभ्यातून निघतात, तर धक्क्याची लाट ताऱ्याच्या पृष्ठभागापर्यंत यायला वेळ लागतो. गाभा कोसळतो हे तोवर कागदावरचं गणित होतं.

त्या स्फोटाने शास्त्रज्ञांना चुकीचंही ठरवलं. असा तारा मरताना फुगून तांबडा झालेला असेल अशी अपेक्षा होती. जुने फोटो काढून पाहिले तर तो निळा निघाला! तो कदाचित दोन ताऱ्यांच्या मीलनातून झाला असावा, असा विचार त्यानंतर पुढे आला.

मग त्याचा उजेड मंदावू लागला, आणि मंदावण्याचा वेग मोजला तर तो ओळखीचा होता. स्फोटात तयार झालेलं निकेल सहा दिवसांत निम्मं होऊन कोबाल्ट बनतं, कोबाल्ट 77 दिवसांत निम्मं होऊन लोखंड. उजेड नेमका त्या 77 दिवसांच्या हिशोबाने उतरत होता. लोखंड जन्माला येताना माणसाने पाहिलं ते असं. आपल्या रक्तातल्या लोखंडाचा मोठा वाटा मात्र दुसऱ्या जातीच्या, श्वेतबटूंच्या, म्हणजे सूर्यासारख्या ताऱ्यांच्या विझलेल्या गाभ्यांच्या, स्फोटांतून आलेला आहे. त्यावर वेगळं बोलावं लागेल.

आता बाहेर पडाल तेव्हा पूर्वेला, पंचवटीच्या वर, मृग नक्षत्र आलेलं असेल. बाणाच्या तीन ताऱ्यांच्या डावीकडे आर्द्रेचा ठळक तारा आहे. तो याच वाटेवर आहे. एक लाख वर्षांच्या आत फुटेल असा अंदाज आहे, आणि फुटला की भर दुपारीही दिसेल. रंगाने तांबूस आहे, या तांब्यासारखाच. लगेच ओळखू येईल.